राबणारी आणि रिकामी यंत्रे

पूर्वी अनेक गावांत लग्नकार्याची मोठी पातेली, पराती, घंगाळी गावकीच्या मालकीची असत आणि देवळात ठेवलेली असत. कार्य निघाले की न्यावीत, उरकले की घासूनपुसून परत करावीत. चार वर्षांतून एकदा लागणाऱ्या पातेल्यासाठी प्रत्येक घराने पैसे घालावेत, हे कोणालाच पटले नसते. व्यापारी संगणकांच्या जगात मात्र बरीच वर्षे नेमके हेच घडले.

इतर संगणकांच्या मागण्या पुरविणाऱ्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. १९९० नंतर असे संगणक स्वस्त होत गेले आणि एका कामाला एक सर्व्हर अशी रीत पडली. एका कामातील बिघाड दुसऱ्यात पसरू नये, हा हेतू रास्तच होता. परंतु प्रत्येक यंत्र घेताना हिशेब धरला जाई तो सर्वाधिक गर्दीच्या घटकेचा. पगारपत्रकाचा सर्व्हर महिनाअखेरीस दोन दिवस राबे आणि एरवी जवळजवळ स्वस्थ बसे.

हे स्वस्थ बसणे फुकटचे नव्हते. गूगलमधील अभियंते लुईझ बारोसो व उर्स ह्योल्झले यांनी पाच हजारांहून अधिक सर्व्हरांची सहा महिन्यांची माहिती २००७ मध्ये मांडली. ही यंत्रे बहुतेक वेळ क्षमतेच्या १० ते ५० टक्केच काम करीत होती. आणि काम नसतानाही त्या काळचा चांगला सर्व्हर कमाल विजेच्या सुमारे निम्मी वीज घेत असे. देवळातल्या पातेल्याला निदान जळण तरी लागत नाही!

उपाय गावकीच्या भांड्यांचाच निघाला. एकाच यंत्रावर अनेक 'आभासी यंत्रे' चालवायची. प्रत्येकाला वाटावे, सारे यंत्र आपलेच आहे. मोठ्या संगणकांसाठी आयबीएमने १९७२ मध्येच अशी प्रणाली आणली होती. साध्या सर्व्हरांसाठी व्हीएमवेअर या कंपनीने ती २००१ मध्ये बाजारात आणली.

पण एकाच मुहूर्तावर दोन लग्ने निघाली तर? सरासरीवर विसंबणारे येथेच फसतात. रेल्वेच्या तत्काळ आरक्षणाची वेळ वातानुकूलित वर्गांसाठी सकाळी १० ची, इतरांसाठी ११ ची. त्या काही मिनिटांतील झुंबड दिवसभराच्या सरासरीत कोठेच दिसत नाही. म्हणून क्षमतेचे नियोजन करणारा कित्येक महिने दर काही मिनिटांनी भार मोजतो, आणि एकाच्या गर्दीशेजारी दुसऱ्याची निवांत वेळ येईल अशी कामांची जोडी लावतो.

एवढे करूनही यंत्रे काठोकाठ भरून चालत नाही. तिघांपैकी एक बंद पडले तर सारा भार उरलेल्या दोघांवर येतो; म्हणजे एरवी प्रत्येकावर दोन तृतीयांशांहून अधिक भार नको. वर्षअखेरच्या हिशेबात उरलेला तिसरा हिस्सा वाया गेलेला दिसतो, आणि तो का राखला हे सांगताना व्यवस्थापकाची दरवर्षी कसोटी लागते.