दिवा खोटा की इंजिन आजारी?

भर जुलैतील एका सकाळची गोष्ट. आमचे एक मावसभाऊ डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होते. कंपनी बंद पडली तेव्हा हाती आलेल्या पैशांत पतपेढीचे थोडे कर्ज घालून त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली. वहिनी पहाटे चारला उठून पोळी-भाजीचे डबे करतात आणि भाऊ ते कल्याण पूर्वेहून ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पोचवतात. दोन मुलांचे शिक्षण आणि घराचा हप्ता याच व्हॅनवर चालतो.

त्या दिवशी शीळफाटा मागे टाकून ते मुंब्रा बायपासला लागले आणि डॅशबोर्डवर तेलाच्या बुधलीचे चित्र असलेला लाल दिवा लागला. भाऊंनी गाडी तशीच दामटली नाही, बाजूला घेऊन इंजिन बंद केले, हे त्यांचे शहाणपण. डबे दोन रिक्षांत घालून पुढे पाठवले आणि गाडी ओढून एका गॅरेजात नेली. तिथल्या मिस्त्रीने बॉनेटलाही हात न लावता सांगून टाकले, "ऑइल पंप गेला. इंजिन खोलावे लागेल. चाळीस हजार धरून चाला."

संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा वहिनी हातातल्या पाटल्यांकडे बघत बसल्या होत्या. आम्हाला बघून म्हणाल्या, "भाऊजी, या गहाण ठेवल्या तर किती येतील हो?"

वाचक बंधू-भगिनींनो, हा लेख त्या प्रश्नासाठी लिहिला आहे. आपल्या वस्तीत आज कोणाकडे टेम्पो आहे, कोणाकडे शाळेच्या मुलांची व्हॅन आहे, कोणी जुनी मोटार घेऊन भाड्याने चालवतो. यातल्या बहुतेक गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या हातच्या असतात. त्या गाडीतला एक छोटा दिवा कधी खरे बोलतो, कधी खोटे. त्याची पारख आपल्याला करता आली पाहिजे.

दिवा पेटतो कसा?

ऑइलच्या दिव्याची रचना अगदी साधी आहे. किल्ली फिरवली की बॅटरीचा करंट फ्यूजमधून दिव्यात येतो. दिव्यातून निघालेली वायर इंजिनवर बसवलेल्या एका छोट्या स्विचला जोडलेली असते. इंजिन बंद असताना हा स्विच वायरला इंजिनच्या लोखंडाशी, म्हणजे अर्थिंगशी जोडून ठेवतो. म्हणून किल्ली फिरवताच दिवा लागतो. इंजिन सुरू झाले की ऑइल पंप दाब तयार करतो, तो दाब स्विचमधला पडदा ढकलतो, जोड तुटतो आणि दिवा विझतो.

आता लक्षात घ्या, दिव्याला इंजिनातले काहीच दिसत नाही. आपली वायर अर्थिंगला टेकली आहे की नाही, एवढेच त्याला कळते. ती ऑइलचा दाब नसल्यामुळे टेकली, स्विच बिघडल्यामुळे टेकली, की वाटेत कुठे सोलवटून पत्र्याला टेकली, हे तो सांगू शकत नाही. रोजमेळात शिल्लक जुळली नाही तर पैसा गेला की नोंद चुकली, हे आधी बघावे लागते. शिल्लक जुळली नाही म्हणून लगेच कोणावर चोरीचा आळ घेत नाहीत आणि वही मिटून झोपायलाही जात नाहीत. इथेही तसेच आहे.

काकांनी काय केले?

आमच्या ओळखीचे एक काका एसटीच्या आगारातून वायरमन म्हणून निवृत्त झाले आहेत. दुसऱ्या दिवशी रविवार होता. गाडी गॅरेजातून ओढून घरापाशी आणली आणि काकांना बोलावले. त्यांनी केलेली तपासणी आम्ही क्रमाने देत आहोत, कारण ती कोणालाही समजून घेता येईल अशी आहे.

पहिले, गाडी सपाट जागी उभी करून त्यांनी ऑइलची पट्टी काढली, फडक्याने पुसली, परत घालून काढली. ऑइल दोन खुणांच्या मध्ये होते. त्यात पाणी मिसळल्यासारखा दुधट रंग नव्हता. गाडीखाली ऑइलचा डागही नव्हता.

दुसरे, इंजिन सुरू न करता फक्त किल्ली फिरवली. दिवा लागला. म्हणजे बल्ब आणि फ्यूज ठीक.

तिसरे, किल्ली तशीच ठेवून त्यांनी इंजिनवरच्या स्विचची वायर उपसून काढली आणि कशालाही टेकणार नाही अशी धरली. आता दिवा विझायला हवा होता. तो विझला नाही! काका हसले आणि म्हणाले, "स्विच सुटला तरी दिवा पेटतोय. म्हणजे वायर मध्येच कुठेतरी पत्र्याला लागली आहे. पंपाचं नाव कोणी घेतलं?"

वायर हाताने चाचपत ते मागे मागे गेले. सीटखाली उंदराने प्लास्टिक कुरतडले होते, आतली तांब्याची तार उघडी पडून ओल्या पत्र्याला टेकत होती. तेवढा तुकडा कापून नवी वायर जोडली, वर सळसळीत नळी चढवली, टेप गुंडाळली. आता स्विच सुटा ठेवला की दिवा विझू लागला, वायर पत्र्याला टेकवली की लागू लागला. वायर दुरुस्त झाली.

आम्हाला वाटले, काम झाले. पण काका म्हणाले, "थांबा. वायर खोटी होती हे कळलं. पण पंप खरा आहे हे अजून कुठे कळलंय?" त्यांनी ओळखीच्या एका मिस्त्रीकडून दाब मोजण्याचे घड्याळ मागवले. स्विच काढून त्याच्या जागी ते बसवले, इंजिन सुरू करून चांगले तापू दिले. इंजिन हळू चालत असताना काटा एकाच्या आसपास होता, रेस दिल्यावर तीनपर्यंत चढला. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या आकड्यांशी ते ताडून पाहिले. मग स्विच परत बसवून त्यांनी किल्ली भाऊंच्या हातात दिली.

एकूण खर्च दोनशे रुपयांच्या आत. काकांनी चहाशिवाय काही घेतले नाही. पाटल्या वहिनींच्या हातातच राहिल्या.

पण दुसरी बाजूही ऐका

हे वाचून कोणी असे समजू नये की लाल दिवा म्हणजे थाप. आमच्याच शेजारच्या एका तरुणाने टेम्पो घेतला होता. त्याचाही हाच दिवा अधूनमधून लुकलुकत असे. कोणीतरी सांगितले, "जुन्या गाडीत असं व्हायचंच." त्याने डोळ्यांना त्रास नको म्हणून बल्बच काढून टाकला. पुढे भिवंडी बायपासला ऑइल फिल्टरजवळून सगळे ऑइल गळून गेले आणि इंजिन जाम झाले. सांगणारा दिवाच नव्हता. हप्ते थकले, फायनान्सवाल्यांनी टेम्पो ओढून नेला. तो मुलगा आज दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहे.

म्हणून नियम असा धरावा : ऑइलचा दिवा चालू गाडीत लागला तर तो खराच आहे असे मानून आधी इंजिन बंद करावे. खोटेपणा नंतर सिद्ध करावा. आणि वायर काढल्यावर दिवा विझला, तर दोष स्विचचा असेल किंवा दाब खरोखर कमी असेल. स्विच स्वस्तात मिळतो, पण तो बदलून मोकळे होऊ नये. घड्याळ लावून दाब मोजल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये.

बाकीचे दिवे

बॅटरीचे चित्र असलेला दिवा चार्जिंगचा. इंजिन चालू असताना तो लागला तर आधी पट्टा पाहावा. अनेक जुन्या गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो, म्हणून पट्टा तुटला की बॅटरीबरोबर इंजिनही तापते. साध्या मीटरने बॅटरी तपासता येते. गाडी बंद असताना चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या दरम्यान. चालू इंजिनावरही आकडा वाढत नसेल तर चार्जिंग होत नाही. आणखी एक गंमत आहे. बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला जागे करणारा करंट याच दिव्यातून जातो. बल्ब उडाला की चार्जिंगच सुरू होत नाही, आणि माणूस उगाच नवी बॅटरी विकत घेतो.

ब्रेकचा दिवा आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे का ते बघून तपासावा. तेथला छोटा स्विच धुळीने अडकतो. पण अनेक गाड्यांत हाच दिवा ब्रेक ऑइल कमी झाल्यावरही लागतो. ऑइल खाली गेले असेल तर नुसते वरून ओतू नये. पॅड झिजले आहेत किंवा कुठेतरी गळती आहे. ब्रेकच्या बाबतीत स्वतः प्रयोग करू नयेत, गाडी चालवत नेऊही नये.

एकाच वेळी तीन-चार दिवे मंद पेटले, किंवा इंडिकेटर दिला की भलताच दिवा लुकलुकला, तर बहुधा मीटरच्या मागची अर्थिंग ढिली असते. तो नट सोडवून, पॉलिश पेपरने गंज घासून घट्ट केला की काम होते. आपल्या भागात हा रोग फार. २६ जुलै २००५ चा पूर आपण विसरलेलो नाही. जुलै २०१९ मध्येही उल्हास नदीचे पाणी बदलापूर-कल्याण पट्ट्यात शिरले. अशा पाण्यात उभी राहिलेली गाडी वरून स्वच्छ दिसते, पण वायरींच्या जोडात हिरवा गंज चढतो आणि तो वर्षभराने बोलू लागतो.

नव्या काळच्या गाड्यांत इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा असतो. आपल्या देशात इंजिनाचे दोष स्वतः नोंदवणारी यंत्रणा २०१० पासून टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाली. अशा गाडीला यंत्र लावून दोषाचा क्रमांक वाचता येतो. पण क्रमांक फक्त रोगाचा पत्ता सांगतो, औषध सांगत नाही. बॅटरीची वायर काढून दिवा घालवता येतो, पण रोग जात नाही. हा दिवा लुकलुकत असेल तर गाडी लगेच थांबवावी. स्थिर असेल तर सावकाश गॅरेज गाठावे.

घेताना आणि दुरुस्त करताना

जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा इंजिन सुरू करण्याआधी किल्ली फिरवून थांबा आणि दिवे मोजा. सगळे लागले पाहिजेत आणि इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. जो दिवा मुळीच लागत नाही त्याचा बल्ब काढला असेल, तर विकणाऱ्याला काहीतरी लपवायचे आहे असे समजा.

गॅरेजात खर्चाचा अंदाज लेखी मागा. काढलेला जुना भाग परत मागा. पक्के बिल घ्या. "कशावरून सांगता?" हा प्रश्न विचारायला लाजू नका, चांगला मिस्त्री त्यावर रागावत नाही, दाखवतो. कोणी न केलेल्या कामाचे पैसे घेतले तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आपल्यासाठी आहे. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि मोजलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रार करायला फी लागत नाही. तिथे बिल आणि लेखी अंदाज हेच आपले साक्षीदार.

मोटारगाड्या आपल्या माणसाला परक्या नाहीत. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीने मुंबईची टॅक्सी म्हणून कित्येक दशके काढली. शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. नव्वदीच्या दशकात त्याच कंपनीने फ्रान्सच्या प्यूजोबरोबर कल्याणला मोटार जोडली. असल्या कारखान्यांत पाने फिरवणारे हात आपल्याच चाळींतून जात होते. ज्या हातांनी गाड्या जोडल्या, त्यांच्या मुलांनी एका दिव्याला घाबरून घरातले सोने गहाण का टाकावे?

भाऊंच्या व्हॅनमध्ये आता सीटखाली उंदराचा पिंजरा असतो. रोज पहाटे डबे चढवून झाले की वहिनी स्वतः किल्ली फिरवतात आणि दिवे मोजतात. सगळे लागले, सगळे विझले, की मगच त्या भाऊंना म्हणतात, "निघा आता."