चहा तीनच घरी

२३ डिसेंबर, संध्याकाळचे साडेपाच. जुन्या जालन्यातल्या एका दोन खोल्यांच्या घरात करंज्यांचा घाणा तेलात सोडलेला आहे, आणि तेवढ्यात गल्लीतून आरोळी येते, "नळ आलाऽऽ!"

अर्ध्या मिनिटात घर रिकामं होतं. लाटणारी सून उठते, सारण भरणारी नणंद उठते, पोरगा मोटार लावायला पळतो. कढईपाशी उरतो आम्ही दोघी, मी आणि आजी. जालन्यात नळाला रोज पाणी येत नाही. येतं त्या दिवशी टाकी, पिंप, हंडे, कळशा आणि शेवटी घरातली पातेली भरेपर्यंत दुसऱ्या कुठल्याही कामाला अर्थ नसतो. वेळेच्या नियोजनावर पुस्तकं लिहिणाऱ्यांनी एकदा इथे येऊन नळाच्या दिवशी करंज्या तळून पाहाव्यात.

"झारा घे की गं हातात," आजी म्हणतात. "गॅस बारीक कर. करंजी लाल झाली तर वरीसभर बोलत्यात लोक."

मी झारा घेते. पाहुणी म्हणून आले आहे, पण या घरात आज पाहुणं कुणीच नाही.

सून नर्स आहे. गल्लीत सगळे तिला सिस्टर म्हणतात, आता सासूसुद्धा. २४ ची सकाळपाळी आणि २६ ची सकाळपाळी तिच्या नावावर आहे. मधली २५ तारीख मोकळी आहे ती कुणाच्या मेहेरबानीने नव्हे. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री तिने दुसऱ्या सिस्टरची रात्रपाळी केली, त्याची ही परतफेड. दोघींचा हा ठराव जुना आहे. ड्युटी लिस्ट लागायच्या आधीच तो होऊन जातो. नवरा औद्योगिक वसाहतीत सळईच्या कारखान्यात आहे. तिथल्या भट्ट्या पेटल्या की पेटल्याच, त्या सण बघून थांबत नाहीत. तो रात्री घरी येईल. मुलीच्या शाळेचं स्नेहसंमेलन नुकतंच झालंय. त्यात ती कोळीण होती, उद्या चर्चच्या नाटकात देवदूत आहे. म्हणून दोरीवर एका टोकाला कोळणीचं लुगडं वाळतंय आणि दुसऱ्या टोकाला पुठ्ठ्याचे पंख चिमट्यांना लटकलेत, डिंक सुकायचा आहे.

भिंतीवर कालनिर्णय. डिसेंबरच्या चौकटींत सिस्टरनं बारीक अक्षरात लिहून ठेवलंय: १५ ला डबे घासणे, १७ ला शंकरपाळी, १९ ला चिवडा, २१ ला शिंप्याकडे चक्कर. त्याहून मजेशीर आहेत त्या काट मारलेल्या ओळी. 'पडदे धुणे' काटलंय. 'बुंदीचे लाडू' काटलंय. आणि 'अनारसे' दोनदा काटलंय. पहिल्या काटेनंतर कुणीतरी वेगळ्या पेनाने तो शब्द पुन्हा लिहिला होता. कुणी, ते आजींच्या चेहऱ्यावर दिसतंच.

"अनारसं नाही तर नाताळ कसला?" त्या मला विचारतात, जणू मी निवाडा करायला बसले आहे. "आमच्या वेळेला चुलीवर सात जिन्नस व्हायचे. पहाटं चारला उठायचं."

"आणि आई, नाताळच्या दिवशी तुम्ही चर्चमध्ये पेंगायच्या," सिस्टर दारातूनच हंडा उतरवत म्हणते. "तुम्हीच सांगितलंय."

आजी हसतात, पण मुद्दा सोडत नाहीत. मग सिस्टर मला तिचा हिशोब सांगते. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाळवून कुटायचे, गुळात मळून पीठ मुरवायचं. नळाची ही तऱ्हा, तिची पाळी रोज बदलती. शेवटी अनारसे पलीकडच्या गल्लीतल्या बचत गटाच्या बाईंकडून आणले. आजींनी डबा उघडून एक उचलला, उजेडात धरून पाहिला, "जाळी पडली नाही" असा निकाल दिला आणि दुसरा खाल्ला.

सातच्या सुमाराला मला पोराबरोबर बेकरीत पाठवतात. मैदा, तूप, साखर घरून द्यायची, नानकटाई भट्टीतून भाजून आणायची, ही पद्धत इथे दिवाळीला असते तशी नाताळलाही. दुकानात पत्र्याच्या थाळ्यांची उतरंड आहे. प्रत्येक थाळीत कणकेवर चिठ्ठी चिकटवलेली, चिठ्ठीवर नाव. बाकड्यावर तीन बायका आणि एक रिटायर्ड मास्तर बसले आहेत. बेकरीवाले चाचा एकटेच शांत आहेत. केक दुपारी, नानकटाई संध्याकाळी आठपर्यंत, त्यानंतर भट्टी फक्त पावाची. एक बाई उशिरा थाळी घेऊन येते, गयावया करते. चाचा मान हलवतात. "कल सुबह लाओ बेटा, पहला नंबर तुम्हारा. पाव तो रोज का है." बाई थोडं कुरकुरते आणि थाळी घेऊन परत जाते. जाताना तिच्या चेहऱ्यावर मला राग कमी आणि सुटका जास्त दिसते. आज रात्रीचं एक काम कुणीतरी तिच्या हातून काढून घेतलंय.

आठ वाजता चर्चच्या ओसरीत पंच कमिटी जमते. चटईवर पेटी, ढोलकी, खंजिऱ्या, एक गिटार आणि सांताक्लॉजचा मुखवटा, ज्याच्या दाढीला मागच्या वर्षीचा गुलाल लागलेला आहे. तो कुठून लागला ते कुणी विचारत नाही. मधोमध बसलेत सेक्रेटरी. एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. खिशात शिट्टी अजून असते. त्यांनी कॅरोलच्या फेरीचं वेळापत्रक वहीत रकाने पाडून लिहून आणलंय: घर, पोचण्याची वेळ, निघण्याची वेळ.

"मागच्या साली काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे," ते म्हणतात. सगळे माना खाली घालतात. मागच्या साली घरोघरी चहा, चहाबरोबर चिवडा, चिवड्याबरोबर आग्रह. फेरी पहाटे साडेतीनला परतली आणि दुसऱ्या दिवशी नाटकात दोन मेंढपाळ मेंढरांशेजारीच झोपले. यंदाचा ठराव असा: मंडळी दोन भागांत, एक जुन्या जालन्यात, दुसरी कुंडलिकेपलीकडे नव्या जालन्यात. प्रत्येक घरी एक गीत, एक प्रार्थना. चहा तीनच घरी, आणि ती घरं आधी ठरलेली.

"लोकांना वाईट वाटेल," एक तरुण म्हणतो.

"दिवाळीपासून सांगतोय त्यांना," सेक्रेटरी म्हणतात. "वाईट वाटून झालं आता."

पाळकसाहेब बाजूला उभ्याने फोनवर बोलत आहेत. त्यांची अडचण या वहीत मावणारी नाही. जालन्यातला ख्रिस्ती समाज काही कालपरवाचा नाही. १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड नारायण शेषाद्री स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी होऊन एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात इथे आले. जालना तेव्हा निजामाच्या मुलखातली लष्करी छावणी. सालारजंग दिवाण असताना मिळालेल्या जमिनीवर त्यांनी शहराजवळ बेथेल ही वस्ती वसवली. १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेला हाच माणूस डोक्याला पागोटं बांधून गेला होता. १८९१ मध्ये ते वारले, पण आसपासच्या खेड्यांत लहान लहान मंडळ्या उभ्या राहत गेल्या, आणि पाळक मात्र कायम मोजके. त्यामुळे एका माणसाला एका दिवशी सगळ्या गावांत ख्रिस्तजन्माची उपासना घेणं शक्य नसतं. शहरात २५ ची सकाळ, एका गावात २५ ची दुपार, मग २६, २७, २८. ज्या दिवशी पाळकसाहेबांची मोटारसायकल गावात शिरते तो त्या गावचा नाताळ. उपदेश तोच, फराळ मात्र दर गावी ताजा, आणि दर गावी खावाच लागतो. हा ताण कुठल्या वेळापत्रकाने कमी होणार, असं मी विचारते. ते हसून पोटावरून हात फिरवतात.

फोन मात्र हसण्यासारखा नव्हता. पलीकडे एक जोडपं आहे, पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या फडावर. जिल्ह्यातल्या कितीतरी गावांतून दिवाळीनंतर कोयते घेऊन माणसं निघून जातात, त्यांत ख्रिस्ती घरंही असतात. फडाला नाताळची सुट्टी नसते. पाळकसाहेब फोन स्पीकरवर टाकतात आणि ओसरीतली सगळी मंडळी डोळे मिटून प्रार्थना ऐकतात. पलीकडून मधूनच ट्रॅक्टरचा आवाज येतो. आमेन झाल्यावर बाई विचारते, "पोरगं नाटकात हाय का?" आहे. मेंढपाळ आहे. आजोळी राहून शिकतंय.

नऊ वाजून दहा मिनिटांनी शिट्टी वाजते आणि फेरी निघते, अगदी वेळेवर. थंडी चांगलीच आहे, कानटोप्या, मफलर, एका पोराने चक्क घोंगडं पांघरलंय, जे उद्या नाटकात लागणार आहे. पहिल्या घरी 'उपासना संगीत' मधलं गीत, दुसऱ्या घरी ना. वा. टिळकांचं भजन, तिसरीकडे लहान मुलं इंग्रजी कॅरोलवर नाचतात. ढोलकीच्या ठेक्यावर इंग्रजी कॅरोल कसं वाजतं ते ऐकायला इथेच यायला हवं. प्रत्येक दारात चांदणी लटकलेली, आत पिवळा बल्ब. प्रत्येक दारात तोच संवाद. "चहा टाकलाय." "नको, यंदा नाही." "अर्धा अर्धा?" शिट्टी.

मग एका दारावर चांदणी नाही.

पोरं आपोआप गप्प होतात. इथल्या काकांना जाऊन दोन-तीन महिने झालेत. ढोलकीवाला ढोलकी काखेत मारतो. मी सेक्रेटरींच्या वहीत डोकावते. या घरापुढे पोचण्याची वेळ आहे, निघण्याची वेळ लिहिलेलीच नाही. काकू दार उघडतात, सगळ्यांना आत घेतात. पेटीवर हलकं एक भजन होतं. काकांच्या आवडीचं होतं म्हणे. मग काकू बोलू लागतात, काकांबद्दल, पगारात राहिलेल्या कुठल्याशा फरकाबद्दल, सुनेच्या बाळंतपणाबद्दल. कुणी घड्याळ बघत नाही. चहा होतो. ठरलेल्या तीन घरांत हे घर नाही. सेक्रेटरी कप हातात घेतात आणि दुसऱ्यांदा मागतात. पाऊण तासाने आम्ही बाहेर पडतो. उरलेल्या घरांतून सेक्रेटरी आम्हाला अशा वेगाने फिरवतात की सांताक्लॉजला धाप लागते, तरी साडेबाराला सगळे आपापल्या दारी.

२४ ला दुपारी अडीचला सिस्टर ड्युटीवरून येते. पाय सुजलेत. मी कालचं उरलेलं काम विचारायला तोंड उघडणार, तोच ती मोबाईल आजींच्या हातात देते, आतल्या खोलीत जाते आणि कडी लावून घेते. एक तास. या तासाची चौकटसुद्धा कालनिर्णयावर आहे, फक्त 'झोप' एवढंच लिहिलंय. फोन तीनदा वाजतो. आजी प्रत्येक वेळी उचलून सांगतात, "सिस्टर ऑपरेशनमध्ये हाय." खोटं बोलल्याचं त्यांना जराही वाटत नाही, निदान सणाच्या आदल्या दिवशी तरी.

संध्याकाळी नवरा घरी येतो आणि सिस्टर त्याच्यापुढे शेजाऱ्यांच्या ताटांची थप्पी ठेवते. दिवाळीला ज्या हिंदू घरांतून, ईदेला ज्या मुसलमान घरांतून ताटं आली ती रिकामी परत जात नाहीत. करंजी, चिवडा, शंकरपाळी, नानकटाई, विकतचा एक अनारसा. भरणं आणि पोचवणं हे काम यंदापासून त्याचं. पहिल्या चार ताटांत करंज्या मोडतात. सिस्टर बघते, काही बोलत नाही आणि पंखांना इस्त्री करायला बसलेल्या मुलीच्या हातातून इस्त्री काढून घेते. पुठ्ठ्याला इस्त्री करत नाहीत.

रात्री चर्च भरतं. नाटकात यंदा एकही मेंढपाळ झोपत नाही. फडावरच्या जोडप्याचा पोरगा आपलं एकच वाक्य एवढ्या मोठ्याने म्हणतो की पुढच्या बाकावरचं बाळ दचकून रडतं. बाराला घंटा होते, लोक एकमेकांना मिठ्या मारतात. सिस्टर जागी आहे आणि आजीही जाग्या आहेत.

माझं मत विचाराल तर या सगळ्या धावपळीत सर्वांत अवघड काम करंज्यांचं नव्हतं आणि नळाचंही नव्हतं. काट मारण्याचं होतं. पंचांनी चहावर काट मारली ती एका बैठकीत, सगळ्यांच्या हजेरीत, म्हणून ती टिकली. अनारशांवर काट मारायला सिस्टरला लग्नानंतर सात वर्षं लागली, कारण स्वयंपाकघराची बैठक कधी बसतच नाही. पुढच्या नोव्हेंबरात पंच कमिटीने फराळाचाही विषय घ्यावा: कुणाच्या घरी कोणता एक जिन्नस व्हायचा, कोणता विकत यायचा, ताटं कोण पोचवणार. सेक्रेटरींना रकाने पाडून द्यायला फारसा वेळ लागणार नाही.

आणि तुम्ही नाताळच्या दिवशी अशा एखाद्या घरी शुभेच्छा द्यायला जाणार असाल तर जरूर जा, पण दुपारी जाऊ नका. सकाळच्या उपासनेनंतर त्या घरातल्या बायका पहिल्यांदा आडव्या होतात. पाचनंतर जा, दिलेलं खा, चहाला आग्रह झाला तर अर्धा कप घ्या आणि आपला कप आपण धुऊन ठेवा.