सनफिशचं शीड : दोन-तीन इंचांची करामत

कोकणातली जुनी शिडाची गलबतं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना अमेरिकेतल्या तळ्यांवरची सनफिश परकी वाटणार नाही. तिरक्या काठीवरचं तसंच त्रिकोणी शीड! कनेक्टिकटमधल्या वॉटरबरीच्या अल्कॉर्ट कंपनीने 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला ही होडी बाजारात आणली. लांबी 13 फूट 9 इंच, शीड 75 चौरस फूट.

आम्ही होडीवाले भेटलो की विषय ठरलेला. वारा वाढला की होडी आपणहून वाऱ्याकडे तोंड वळवते. सुकाणूचा दांडा ओढून ओढून हात भरून येतात, मुलं तर लगेच दमतात. उपाय बिनखर्चाचा आहे. शिडाची खालची काठी डोलकाठीला जिथे जोडलेली असते, त्या जोडाचा स्क्रू सैल करायचा आणि जोड काठीवर दोन-तीन इंच मागे सरकवायचा. शीड तेवढंच पुढे जातं, वाऱ्याचा जोरही पुढे येतो आणि सुकाणू हलकं होतं. वारा मंदावला की जोड परत पुढे.

लाइफ जॅकेटला मात्र असा फुकटचा उपाय नाही. शिकणाऱ्या मुलांना त्यांच्या मापाचीच हवीत. आपली देणगी त्यासाठीच.