पैसे डिस्कचे की खाचेचे?

नोव्हेंबर २००५मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० हा कन्सोल अमेरिकेत दोन भावांत आला. ३९९ डॉलरवाल्यात २० गिगाबाइटची हार्ड डिस्क होती, २९९वाल्यात नव्हती. स्वस्तातला घेतला तर अर्धवट खेळ जतन करायलाच जागा नाही! मग ६४ मेगाबाइटचं मेमरी युनिट घ्या ४० डॉलरला, नाहीतर सुटी डिस्क १०० डॉलरला. म्हणजे डिस्क घेतली की वाचवलेले शंभर तिथेच गेले.

त्या डिस्कचं कवच उघडलं तर आत लॅपटॉपमध्ये असते तीच अडीच इंची साटा डिस्क. फक्त तिच्यावर ठरावीक जागी कंपनीची खूण लिहिलेली. ती सापडली नाही तर कन्सोल डिस्कला ओळख देत नसे. हॅकर मंडळींनी बाजारातल्या काही डिस्कांवर हीच खूण लिहिली आणि कन्सोलने त्या मुकाट्याने स्वीकारल्या. २००६च्या प्लेस्टेशन ३मध्ये मात्र बाजारातली अडीच इंची साटा डिस्क घरच्या घरी बसवता येई. यावरून सोनी उदार म्हणावी, तर तिनेच २०१२मध्ये अमेरिकेत व्हिटा या हातात धरायच्या कन्सोलसाठी खास आकाराचं ३२ गिगाबाइटचं कार्ड १०० डॉलरला विकलं. तेवढ्याच क्षमतेचं मायक्रोएसडी कितीतरी स्वस्त होतं, पण व्हिटाच्या खाचेत बसत नव्हतं.

यामागचा हिशेब उघड आहे. एपिक-अ‍ॅपल खटल्यात २०२१मध्ये मायक्रोसॉफ्टच्या उपाध्यक्षांनी शपथेवर सांगितलं, की एक्सबॉक्स कन्सोलच्या विक्रीतून नफा होत नाही. तो खेळांतून, वर्गणीतून आणि अशा जोडसामानातून काढायचा.

आजच्या कन्सोलांच्या बाबतीत कंपन्यांची एक सबब खरी आहे. नवे खेळ एसएसडीवरून इतक्या झपाट्याने माहिती उचलतात, की जुनी यूएसबी हार्ड डिस्क ते साठवून ठेवू शकते, चालवू शकत नाही. प्लेस्टेशन ५ला जोडायच्या एसएसडीसाठी सोनी सेकंदाला ५,५०० मेगाबाइट वाचनाचा वेग सुचवते. पण वेग हवा म्हणून खाचही खासगी हवी, असं नाही. प्लेस्टेशन ५मध्ये २०२१पासून बाजारातली एम.२ एसएसडी चालते. एक्सबॉक्स सिरीजचं १ टेराबाइट कार्ड २०२०मध्ये एकाच कंपनीचं होतं, २२० डॉलरला. दुसरी कंपनी २०२३मध्ये उतरली आणि भाव खाली आला.

जोडसामानातच कंट्रोलरही येतो, पण तिथे गोष्ट घर्षणाची आहे. अंगठ्याने हलवायच्या काडीखालच्या पोटेंशिओमीटरमध्ये कार्बनच्या पट्टीवर धातूची जीभ सरकते. ती पट्टीवर कुठे टेकली आहे, त्यानुसार व्होल्टेज बदलतं आणि कन्सोलला काडीची दिशा कळते. हजारो वेळा घासून पट्टी झिजते, भुकटी साचते, मग हात न लावताही पडद्यावरचा गडी चालू लागतो. याला ड्रिफ्ट म्हणतात. यावर हॉल इफेक्टचा उपाय आहे: काडीला चुंबक, खाली त्याचं क्षेत्र मोजणारा संवेदक, स्पर्शच नाही. सेगाच्या ड्रीमकास्टने १९९८मध्येच तो वापरला होता, त्यामुळे आजच्या महागड्या कंट्रोलरांत तो नसणं मला तरी पटत नाही.

प्लेस्टेशन ५च्या, ७० डॉलरला आलेल्या साध्या ड्युअलसेन्स कंट्रोलरमध्ये काडीचा भाग सोल्डर केलेला असतो. बदलायचा तर सोल्डरिंगचा हात हवा. २०२३मध्ये आलेल्या २०० डॉलरच्या ड्युअलसेन्स एजमध्ये तो सहज निघतो, नवा भाग तेव्हा २० डॉलरला मिळत होता. त्या भागातही पोटेंशिओमीटरच आहे.