महापौरपदासाठी उभे राहायचे कोणासमोर?

वीस-पंचवीस वर्षे ज्याने आपल्या पेठेत लोकांची कामे केली, पुराच्या पाण्यात उतरून म्हाताऱ्याकोताऱ्यांना बाहेर काढले, रक्तदानाची शिबिरे भरविली, गणेशोत्सवाच्या मांडवापासून स्मशानापर्यंत प्रत्येक प्रसंगी जो हजर राहिला आणि त्याच बळावर दोन-तीनदा नगरसेवक म्हणून निवडूनही आला, अशा कार्यकर्त्याच्या मनात एके दिवशी आपण शहराचे महापौर व्हावे अशी इच्छा उत्पन्न झाली, तर ती गैर म्हणता येईल काय? मुळीच नाही. सार्वजनिक जीवनातील ती अगदी स्वाभाविक आणि निकोप महत्त्वाकांक्षा होय. प्रश्न एवढाच, की ही इच्छा त्याने बोलून दाखवायची कोणासमोर? ज्यांची सेवा केली त्या नागरिकांसमोर, की राजधानीतल्या पक्षकचेरीत बसलेल्या चार-दोन श्रेष्ठींसमोर? बडोद्यापुरते तरी या प्रश्नाचे उत्तर ठरून गेले आहे, आणि ते नागरिकांना भूषणावह नाही.

बडोदे आम्ही मुद्दाम निवडले आहे. मराठी माणसाला ते नगर कधी परके वाटले नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा एक शेतकऱ्याचा मुलगा १८७५ मध्ये तेथील गादीवर आला आणि सयाजीराव महाराज म्हणून त्याने १९०६ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, ही हकीकत आमच्या वाचकांना ठाऊक आहेच. याच राजाने आपल्या प्रजेला पंचायती आणि नगरपालिका यांच्या कारभाराची सवय लावली. महानगरपालिकेचे कार्यालय ज्या इमारतीत आहे ते खंडेराव मार्केटही त्याच्याच कारकीर्दीतले, दत्तक वडिलांचे नाव दिलेले. पुढे या संस्थेने ‘वडोदरा महानगर सेवा सदन’ असे नाव धारण केले. सेवासदन म्हटले की आम्हाला रमाबाई रानडे आठवतात. महानगरपालिकेला ते नाव देणाऱ्यांच्या मनात त्या असतील-नसतील, पण शब्द फार मोठा आहे. शिवाय सेवेची परंपराही त्या शहरात खरोखरच आहे. जुम्मादादा व्यायाममंदिरातून राजरत्न प्रोफेसर माणिकरावांनी तरुणांच्या पिढ्या घडविल्या, त्या काही निवडणुकीच्या तिकिटावर डोळा ठेवून नव्हे. ऑगस्ट २०२४ च्या महापुरात विश्वामित्रीतल्या मगरी वस्त्यांत शिरल्या, तेव्हा वनखात्याच्या माणसांबरोबर त्या पकडून सुरक्षित जागी नेणारे अनेक जण बिनपगारी स्वयंसेवकच होते. थोडक्यात, माणसांचा तुटवडा बडोद्याला नाही.

मग महापौर होतो कसा? १९४९ च्या प्रांतिक महानगरपालिका अधिनियमाची चौकट मुंबई राज्याच्या विभाजनानंतर गुजरातनेही ठेवली. तिच्यानुसार नागरिक नगरसेवक निवडतात आणि नगरसेवक आपल्यातून महापौर निवडतात. मुदत अडीच वर्षांची. पद कोणत्या प्रवर्गाचे, हे आरक्षणाच्या फेऱ्याने ठरते. कागदावर ही पद्धत निर्दोष दिसते. किंबहुना सहकाऱ्यांनी सहकाऱ्याची पारख करावी यात एक प्रकारचा शहाणपणाही आहे. व्यवहारात मात्र पारख सहकारी करीतच नाहीत. सभेच्या दिवशी पक्षाचे निरीक्षक बंद लिफाफा घेऊन येतात, तो उघडला जातो, आणि त्यातल्या नावावर बहुमत आपली मोहोर उठविते. २०२१ च्या निवडणुकीत ७६ पैकी ६९ जागा भारतीय जनता पक्षाने जिंकल्या, ७ काँग्रेसने. इतक्या प्रचंड बहुमतात लिफाफ्याला आव्हान देणार कोण? त्या एकाच सभागृहाच्या काळात केयूर रोकडिया, नीलेश राठोड आणि पिंकीबेन सोनी असे तीन महापौर झाले. या तिघांच्या योग्यतेविषयी आमचे काहीही म्हणणे नाही. आमचे म्हणणे एवढेच, की मत देताना यांपैकी एकाचेही नाव महापौरपदाचा उमेदवार म्हणून बडोदेकरांसमोर आलेले नव्हते.

यातली विसंगती स्पष्ट करणारा प्रसंग डिसेंबर २०२२ च्या विधानसभा निवडणुकीत घडला. सयाजीगंज मतदारसंघात भाजपने उभे केले विद्यमान महापौर रोकडिया यांना, आणि काँग्रेसने उभे केले महापालिकेत अनेक वर्षे नगरसेविका राहिलेल्या व विरोधी पक्षनेत्या म्हणून काम केलेल्या अमी रावत यांना. शहराचा प्रथम नागरिक आणि त्याच्या कारभारावर सभागृहात टीका करणारी नगरसेविका, दोघेही मतदाराच्या दारात! रस्ते, गटारे, पिण्याचे पाणी, विश्वामित्रीची दशा या विषयांवर दोघांना तोलून पाहण्याची संधी लोकांना मिळाली. कौल रोकडियांच्या बाजूने गेला, ते आमदार झाले, आणि खंडेराव मार्केटातील खुर्चीवर पुन्हा नवे नाव बसविणे आले. म्हणजे शहराच्या कारभाऱ्यांची तुलना करण्याचा अधिकार बडोदेकरांना मिळाला खरा. परंतु तो आमदार निवडण्याच्या निमित्ताने, तोही एका मतदारसंघापुरता. ज्या पदासाठी ही तुलना व्हायला हवी होती त्या पदासाठी ती कधी झाली नाही.

कोणी म्हणेल, महापौर कसाही निवडला तरी काय फरक पडतो? झालरी सोडणे, पाहुण्यांना हार घालणे आणि सभेचे अध्यक्षस्थान भूषविणे यापलीकडे त्या पदाला अर्थ काय उरला आहे? दुर्दैवाने हे बव्हंशी खरे आहे, आणि आमच्या दृष्टीने दुखण्याचे मूळ तेच आहे. या कायद्याने कार्यकारी अधिकार दिले ते आयुक्तांना, आणि आयुक्त नेमते राज्य सरकार. खर्चाची मंजुरी स्थायी समितीची. महापौराला मान आहे, मोटार आहे, पण हुकूम नाही. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणी तलावात सहलीला आलेल्या शाळकरी मुलांची होडी उलटली. १२ मुले आणि २ शिक्षिका बुडून मेल्या. क्षमतेपेक्षा जास्त माणसे होडीत भरली होती. तलावाचे काम आणि नौकाविहार महापालिकेने ठेक्याने दिला होता. उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली आणि ठेका दिला गेला त्या काळातील आयुक्तांच्या निर्णयांवर कठोर ताशेरे ओढले. न्यायालयाने जबाबदारी शोधली हे योग्यच झाले. परंतु ज्या आईबापांची लेकरे गेली त्यांनी आपला जाब कोणाला विचारायचा होता? आयुक्त बदलून जातात. अशा ठेक्यांत मंजुरी एका समितीची, सही दुसऱ्याची आणि देखरेख तिसऱ्याची, अशी वाटणी असल्यामुळे प्रत्येकाचा हात थोडा-थोडा लागलेला असतो आणि कोणाचाच पुरता नसतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विश्वामित्री ३५ फुटांपर्यंत चढली, निम्मे शहर पाण्यात गेले, आणि पाणी ओसरल्यावर पाहणीला आलेल्या लोकप्रतिनिधींना अनेक वस्त्यांतून लोकांनी परत पाठविले. तो संताप अनाठायी नव्हता. मात्र तो ज्यांच्यावर निघाला, त्या नगरसेवकांपैकी काही जण आदल्या रात्री स्वतः कमरेइतक्या पाण्यात उभे राहून दुधाच्या पिशव्या वाटत असतील, हेही तितकेच संभवनीय आहे. सेवा करणाऱ्याच्या हाती अधिकार नाही आणि अधिकार असणाऱ्याला मतदाराच्या दारात जायचे नाही, अशी व्यवस्था असल्यावर लोक जो समोर दिसेल त्यालाच बोलणार.

अनुभवी नगरसेवकांवर आणखी एक गंडांतर २०२१ मध्ये आले. भाजपचे तत्कालीन प्रदेशाध्यक्ष, जन्माने खानदेशी असलेले सी. आर. पाटील यांनी नियम जाहीर केला, की साठी ओलांडलेल्यांना, तीन वेळा निवडून आलेल्यांना आणि नेत्यांच्या नातलगांना महापालिकेची उमेदवारी मिळणार नाही. नातलगांविषयीच्या कलमाचे आम्ही स्वागतच करू. ते सर्वच पक्षांनी आणि सर्वच पातळ्यांवर उचलावे. जागा अडवून बसलेल्यांना हलविण्याचा हेतूही समजण्यासारखा आहे. परंतु पंधरा वर्षांत ज्याला जलवाहिनीच्या जाळ्यापासून अंदाजपत्रकाच्या शेवटच्या शीर्षापर्यंत सारे उमगले, नेमके त्यालाच घरी बसवायचे, हा न्याय अजब आहे. नगरसेवक जुना होतो तेव्हाच तो आयुक्तांच्या टिप्पणीत चूक काढू शकतो. नवख्याला ती टिप्पणी वाचायला शिकेपर्यंतच अडीच वर्षे लागतात.

तर मग थेट निवडणूक हाच उपाय, असे सांगून आम्ही मोकळे होऊ शकलो असतो. पण अनुभव तितका सोपा नाही. मध्य प्रदेशात महापौर थेट जनतेतून निवडण्याची पद्धत आहे. ग्वाल्हेरचे विवेक शेजवलकर, ज्यांच्या घराण्याचे मराठीपण त्या शहराच्या अंगवळणी पडले आहे, मतदारांसमोर उभे राहूनच महापौर झाले आणि २०१९ मध्ये लोकसभेत गेले. २०२२ मध्ये त्याच ग्वाल्हेरने काँग्रेसच्या शोभा सिकरवार यांना महापौर केले, आणि सभागृहात मात्र सर्वाधिक नगरसेवक भाजपचे निवडून दिले. मतदाराने माणूस आणि पक्ष यांत फरक केला, ही त्या पद्धतीची जमेची बाजू. महापौर एका बाजूला आणि सभागृह दुसऱ्या बाजूला असले म्हणजे कामे अडतात, ही तिची खर्चाची बाजू. लाखो मतदारांपर्यंत पोहोचायचे तर पैसा लागतो, आणि पेठेतला निःस्वार्थ कार्यकर्ता तेथेच मागे पडतो, हा आक्षेपही खोटा नाही. महाराष्ट्राने तर नगराध्यक्षाच्या बाबतीत थेट निवडणूक २०१६ मध्ये आणली, २०२० मध्ये काढून टाकली, २०२२ मध्ये पुन्हा आणली. प्रत्येक वेळी तत्त्वाचे दाखले दिले गेले, आणि प्रत्येक वेळी सत्तेवर आलेल्यांची सोय पाहिली गेली.

गोवेकरांनी बडोद्याकडे पाहून नाक मुरडण्याचे कारण नाही. आपल्या पणजीतही ३० नगरसेवकच महापौर निवडतात. सप्टेंबर २०२२ मध्ये मडगावच्या नगराध्यक्षपदाच्या निवडणुकीत गुप्त मतदानाने सत्ताधाऱ्यांचे गणित चुकले, आणि लागलीच सरकारने गुप्त मतदान रद्द करून हात वर करून मत देण्याची तरतूद आणली. बडोद्यात लिफाफा, आपल्याकडे हात. नगरसेवकाच्या सदसद्विवेकाला दोन्हीकडे सारखीच रजा.

राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने १९९३ पासून शहरांच्या स्वराज्याला घटनात्मक स्थान दिले, पण महापौर कसा निवडावा हे राज्यांवर सोपविले. तेव्हा गांधीनगरच्या विधानसभेला हवे तर महापौराची मुदत सभागृहाइतकी पाच वर्षांची करता येईल, आणि ठेके व पूरनियंत्रण यांसारख्या विषयांत त्याच्या संमतीशिवाय आयुक्तांना पुढे जाता येणार नाही असे कलमही घालता येईल. ते होईल तेव्हा होवो. दरम्यान पक्षांना एक गोष्ट कायद्याचे एक अक्षरही न बदलता करता येण्याजोगी आहे. महापालिकेच्या निवडणुकीचे अर्ज भरले जातील त्याच दिवशी, आपला पक्ष जिंकल्यास महापौर कोण होईल हे त्यांनी जाहीर करावे. पद कोणत्या प्रवर्गाला जाणार हे आधी ठाऊक असते, त्यामुळे तीही सबब उरत नाही. पाच वर्षांत दोन महापौर होणार असतील तर दोन्ही नावे सांगावीत. मग त्या नावांना वाडीतल्या, रावपुऱ्यातल्या, दांडिया बाजारातल्या सभांत उभे राहून सांगावे लागेल, की हरणीनंतर होडीच्या ठेक्यांचे काय करणार, विश्वामित्रीच्या पात्रातली अतिक्रमणे कोण काढणार, आणि पुढचा पूर आला तर आजव्याचे पाणी सोडण्याची सूचना वस्त्यांना किती तास आधी मिळणार.