परका ढालकिडा आणि घरचे मित्रकीटक

ज्वारी, करडई, मोहरी यांसारख्या पिकांवर मावा पडला की त्याच्या पाठोपाठ ढालकिडा येतो. हा किडा व त्याच्या अळ्या मावा खाऊन पिकाचे रक्षण करतात, हे शेतकरी बंधूंस ठाऊक आहेच. परंतु मावा खाणारा प्रत्येक कीटक कोणत्याही मुलुखात मित्रच ठरेल, असे मात्र नाही. या बाबतीत ब्रिटनचा अनुभव लक्षात घेण्याजोगा आहे.

परक्याचे आगमन

हार्मोनिया ॲक्सिरिडिस या नावाचा ढालकिडा मूळचा चीन, जपान, कोरिया व सैबेरिया या प्रदेशांतील. तो अतिशय खादाड असल्यामुळे माव्याच्या नियंत्रणासाठी १९१६ साली कॅलिफोर्नियात प्रथम सोडण्यात आला. पुढेही अमेरिकेत तो अनेकदा सोडण्यात आला, आणि १९८८ साली लुइझियाना राज्यात तो स्थायिक झाल्याचे आढळून आले. युरोपातही काही देशांत त्याचा असाच वापर झाला. ब्रिटनमध्ये मात्र तो कोणी मुद्दाम सोडला नव्हता. युरोपातून पसरत पसरत २००४ साली तो तेथे आपण होऊनच पोहोचला. सोडलेला कीटक देशाची सीमा ओळखत नाही, हा यातील पहिला धडा होय.

नुकसान कसे होते?

१. माव्याचा फडशा पाडून तो स्थानिक ढालकिड्यांचे अन्न तोडतो. त्याच्या पिढ्याही वर्षातून एकाहून अधिक होतात.

२. मावा संपला की तो स्थानिक ढालकिड्यांची अंडी व अळ्या खातो. उलट, त्याच्या अंड्यांत व शरीरात विषारी द्रव्ये असल्यामुळे इतरांना तो सहसा पचत नाही.

३. त्याच्या रक्तात एक सूक्ष्म परोपजीवी असतो. त्याचा त्याला स्वतःला उपद्रव होत नाही. परंतु सात ठिपक्यांच्या ढालकिड्यास तो घातक ठरतो, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले.

परिणाम काय झाला?

२०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ब्रिटनमधील आठ स्थानिक जातींपैकी सात जातींची घट झाल्याचे आढळले. दोन ठिपक्यांचा ढालकिडा परक्याच्या आगमनानंतर पाच वर्षांतच ब्रिटनमध्ये ४४ टक्क्यांनी, तर बेल्जियममध्ये ३० टक्क्यांनी घटला. हा बहुधा झाडांवर राहणारा, म्हणजे परक्याच्याच आश्रयस्थानी राहणारा. सात ठिपक्यांचा ढालकिडा मुख्यतः जमिनीलगतच्या वनस्पतींवर राहतो. तो तेवढा टिकून राहिला.

निरनिराळ्या जाती निरनिराळ्या हंगामांत, निरनिराळ्या वनस्पतींवर काम करतात. त्यांची जागा एकट्यानेच घेतली तर राखणदार अनेक होते तेथे एकच उरतो. शिवाय हा राखणदार द्राक्षांच्या घडांतही शिरतो; द्राक्षांबरोबर तो चिरडला गेल्यास वाइनची चव बिघडते.

आपल्याशी संबंध

सात ठिपक्यांचा ढालकिडा आपल्या शेतात घरचा आहे. परंतु अमेरिकेत तो परका असून १९७३ साली तेथे स्थायिक झाल्याचे दिसून आले. त्यानंतर तेथील नऊ ठिपक्यांचा स्थानिक ढालकिडा फार दुर्मिळ झाला, व त्यामागील एक कारण म्हणून याच्याकडे बोट दाखविले जाते. अर्थात कीटक जात्या वाईट नसतो. तो कोठे नेला जातो, यावर त्याचे बरेवाईट अवलंबून असते.

बाहेरून आणलेला प्रत्येक कीटक घातक ठरतो, असेही नाही. १८८८ साली ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियात नेलेल्या रोडोलिया ढालकिड्याने तेथील संत्रावर्गीय बागा वाचविल्या. तो जवळजवळ एकाच खवले किडीवर जगतो, हे त्याचे वैशिष्ट्य होय. म्हणूनच कीटक आणण्यापूर्वी त्याच्या आहाराची कसून परीक्षा करावी लागते.

काय करावे?

परदेशातील जिवंत कीटक सरकारी परवान्यावाचून आणू नयेत. खात्रीची माहिती नसलेले कीटक कोणाकडून विकत घेऊन शेतात सोडू नयेत. ढालकिड्याची पिवळी, उभट अंडी पुंजक्याने असतात, आणि अळी लांबट, काळपट, सुसरीसारखी दिसते. तिला कीड समजून मारू नये. फवारणीपूर्वी मावा व ढालकिडे या दोहोंची पाहणी करावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही अळी शेतकऱ्यांस प्रत्यक्ष पिकावर दाखवावी. घरचे मित्र ओळखून राखले, तर परक्याला बोलावण्याची वेळ सहसा येत नाही.