बंद कपांचे हेडफोन : आवाज, आराम आणि कानांची राखण



इंदोरा असो, पंचशील नगर असो की टेका नाका, आपल्या वस्त्यांतल्या बहुतेक घरी आज एक तरी मूल मोबाइलवर शिकते. स्पर्धा परीक्षेची व्याख्याने, इंग्रजीचे वर्ग, नर्सिंगच्या प्रवेशाची तयारी, सगळे कानातून आत जाते. घर एक किंवा दोन खोल्यांचे. तिथेच टीव्ही चालतो, कुलर घरघरतो, गल्लीतून गाड्या जातात. मग मूल काय करते? कानात इयरफोन घालते आणि आवाज वाढवत नेते. दिवसाचे पाच-सहा तास हेच चालते.

अभ्यासाला शांतता मिळावी म्हणून आपल्याकडे पूर्वीपासून धडपड होत आली आहे. परळच्या चाळीतल्या एका खोलीत सुभेदार रामजी बाबासाहेबांना लवकर झोपवीत आणि मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास अभ्यासाला उठवीत, कारण त्या वेळी घर निजलेले असे. आजच्या मुलाला ती शांतता हेडफोनमधून मिळू शकते. पण हेडफोन चुकीचा असेल तर त्याच वाटेने कान जातो. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर बंद कपांच्या हेडफोनची, म्हणजे ‘क्लोज्ड-बॅक’ हेडफोनची माहिती आम्ही देत आहोत. तीन गोष्टींची तुलना करू : बाहेरचा आवाज किती अडतो, घालून किती आराम वाटतो, आणि आतला आवाज कसा ऐकू येतो.

कान किती सोसतो

आपल्या प्रत्येक आतील कानात सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. आवाजाच्या लहरी याच पेशी मेंदूपर्यंत पोहोचवतात. जास्त आवाजाने त्या थकतात आणि सतत मारा झाला तर मरतात. मेलेली केसपेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाही. औषध नाही, ऑपरेशनने ती परत येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्यात ४० तास ऐकला तर चालतो. लहान मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबल आहे. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. आवाज ३ डेसिबलने वाढला की त्याची ताकद दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ अर्धा होतो. ८० डेसिबलला ४० तास, ८३ ला २० तास, ८६ ला १० तास. ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम ४ तास उरतात आणि १०० डेसिबलला केवळ २० मिनिटे. मोबाइलचा आवाज पूर्ण वाढवला तर हेडफोनमध्ये तो १०० डेसिबलच्या आसपास सहज जातो.

कानाचे खाते एकच असते. मिरवणुकीत डीजेसमोर घालवलेला तास, कारखान्यातल्या यंत्राचा आवाज आणि रात्रीचा हेडफोन, तिन्ही एकाच खात्यातून वजा होतात.

नुकसान आधी ३ ते ६ हजार हर्ट्‌झच्या, म्हणजे बारीक आवाजांच्या पट्ट्यात होते. स, श, फ, थ ही अक्षरे ओळखायला हाच पट्टा लागतो. म्हणून सुरुवातीला माणूस म्हणतो, “ऐकू येते, पण शब्द कळत नाही.” वर्गात बसणाऱ्या मुलासाठी हे किती महागात पडेल, याचा विचार करा.

बाहेरचा आवाज अडवणे : पहिली कसोटी

हेडफोन दोन प्रकारचे असतात. उघड्या पाठीच्या हेडफोनच्या कपाला मागून जाळी असते. त्यात गाणे मोकळे, पसरलेले वाटते, पण बाहेरचा आवाज आत येतो आणि आतला बाहेर जातो. बाजूला आजी झोपली असेल किंवा पाळण्यात बाळ असेल तर तो आपल्या घरात उपयोगाचा नाही. बंद कपाच्या हेडफोनची पाठ बंद असते आणि गादी कानाभोवती बसते. त्यामुळे दोन्हीकडचा आवाज अडतो.

याचा फायदा एका हिशेबातून पाहू. समजा, खोलीतला आवाज ६५ डेसिबल आहे. व्याख्यान स्पष्ट ऐकायला ते त्याहून १० ते १५ डेसिबल वर ठेवावे लागते. सैल इयरफोन असेल तर आवाज ७५-८० वर जातो. बंद हेडफोनने बाहेरचे १५ डेसिबल अडवले तर तेच व्याख्यान ६०-६५ वर नीट ऐकू येते. कानावरचा भार एवढा कमी होतो की आठवड्याच्या तासांची चिंता राहत नाही. आमच्या मते हेडफोनवर पैसे घालण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. गाणी गोड ऐकू येणे त्यानंतर.

मात्र बंद कप सगळे आवाज सारखे अडवत नाही. माणसांचे बोलणे, भांड्यांचा खणखणाट, हॉर्न असे बारीक आवाज तो चांगले अडवतो. कुलरची घरघर, ट्रकचे इंजिन, डीजेचा धप-धप असे जाड आवाज त्यातून बरेच आत येतात. जाड आवाजांवर ‘नॉइज कॅन्सलिंग’ प्रकार काम करतो. त्यातला माइक बाहेरचा आवाज पकडतो आणि त्याची उलटी लहर सोडून तो कमी करतो. कुलरसमोर किंवा बसमध्ये त्याचा उपयोग होतो, शेजारच्या गप्पांवर फारसा होत नाही. त्याला चार्जिंग लागते. साध्या बंद हेडफोनला काहीच लागत नाही.

आराम : नागपूरच्या उन्हाळ्याची कसोटी

आवाज अडवायचा तर कप डोक्यावर घट्ट बसला पाहिजे, आणि घट्ट बसला की डोके दुखते. सगळ्या बंद हेडफोनची हीच अडचण आहे. वजन २५०-३०० ग्रॅमच्या पुढे गेले तर मानेला आणि टाळूला जाणवते.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. रेक्झिनच्या गाद्यांमध्ये तेव्हा कान घामाने भिजतात. मखमली कापडाच्या गाद्या थंड वाटतात, पण त्या आवाज थोडा कमी अडवतात आणि घाम शोषून घेतात. घाम आणि ओल राहिली की कानात बुरशी होते, खाज सुटते. कुलरच्या दमट हवेत आणि पावसाळ्यात हे जास्त होते. म्हणून तासाभराने हेडफोन काढा, दहा मिनिटे कान मोकळे ठेवा, गाद्या कोरड्या सुती कापडाने पुसा. एकच हेडफोन भावंडांनी वापरायचा असेल तर आधी पुसून घ्यावा. कानात खुपसायचे इयरबड तर कोणाचेही कोणी वापरू नयेत.

चष्म्याची काडी, मोठे कानातले, घट्ट वेणी यांमुळे गादी आणि कातडी यांत फट राहते. फटीतून आधी जाड सूर निसटतात, गाणे पोकळ वाटते आणि हात आपोआप आवाज वाढवायला जातो. चष्मा लावणाऱ्यांनी मऊ, जाड गादीचा हेडफोन निवडावा. मुलींनी वापरताना कानातले काढून ठेवावे.

ध्वनी : नामांकित हेडफोन काय सांगतात

स्टुडिओत वापरले जाणारे काही बंद हेडफोन जगभर प्रसिद्ध आहेत. वस्तीत भीमगीते रेकॉर्ड करणाऱ्या तरुणांच्या तोंडीही ही नावे असतात. कित्येक हजारांचे हे हेडफोन प्रत्येक घराने घ्यावेत असे आमचे म्हणणे नाही. तीन कसोट्यांची ओढाताण त्यांच्यावरून चांगली कळते.

सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून बाजारात आहे. वजन सुमारे २३० ग्रॅम, म्हणून मानेला हलका. बोलणे आणि गायकाचा आवाज त्यात अगदी स्पष्ट येतो. बारीक सूर मात्र टोकदार असल्याने दीर्घ वेळ ऐकताना थकवा येतो. गाद्या पातळ आहेत.

ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम५०एक्स या हेडफोनमध्ये ढोलकी आणि ढोलाचे ठोके भरीव येतात. वायर काढता-घालता येते, त्यामुळे वायर तुटली तर हेडफोन टाकावा लागत नाही. वजन २८५ ग्रॅम आहे आणि गाद्या रेक्झिनसारख्या असल्याने उन्हाळ्यात घाम येतो.

बायरडायनॅमिक या जर्मन कंपनीचा डीटी ७७० प्रो आरामात पुढे आहे. मोठ्या मखमली गाद्यांत अख्खा कान मावतो, चष्माही फारसा आड येत नाही. मात्र तो ३२, ८० आणि २५० ओहम अशा प्रकारांत मिळतो. ओहमचा आकडा जेवढा मोठा तेवढा मोबाइलला तो चालवणे अवघड. २५० ओहमचा प्रकार मोबाइलवर क्षीण ऐकू येतो.

सेनहायझरचा एचडी २८० प्रो बाहेरचा आवाज अडवण्यात यांतला पक्का. तो ३२ डेसिबलपर्यंत आवाज अडवतो असा कंपनीचा दावा आहे. पण त्याची पकड कडक आहे, मोठ्या डोक्याच्या माणसाला तासाभरात दाब जाणवतो. याच कंपनीचा एचडी २५ फक्त १४० ग्रॅमचा. डीजे आणि कॅमेरावाले तो वापरतात. तो कानाभोवती न बसता कानावरच बसतो, त्यामुळे कानाची पाळी दुखते.

म्हणजे तिन्ही गोष्टींत पहिला येणारा हेडफोन कोणताच नाही. ज्याला गाणे रेकॉर्ड करायचे त्याने ध्वनी पाहावा. ज्याला रोज पाच तास व्याख्यान ऐकायचे त्याने आधी अडवणूक, मग आराम पाहावा. माणसाचे बोलणे स्पष्ट ऐकायला साधा, नीट बसणारा बंद हेडफोन पुरतो.

घेताना काय तपासाल

१. बर्डीवर किंवा जिथून घ्याल तिथे हेडफोन निदान पंधरा मिनिटे घालून पाहा. चष्मा लावत असाल तर चष्म्यासह.

२. काहीही न वाजवता नुसता घालून उभे राहा. दुकानातल्या गप्पा मंद झाल्या पाहिजेत.

३. कान पूर्ण कपाच्या आत मावतो का, ते पाहा.

४. मोबाइलसाठी ३२ ते ४० ओहमचा पाहा. मोबाइलला गोल पिनची जागा नसेल तर जोडणीची छोटी वायर लागेल.

५. गाद्या बदलून मिळतात का, ते विचारा. गाद्या फाटल्या की फट पडते आणि आवाज अडणे थांबते. नव्या गाद्या टाकल्या तर जुना हेडफोन पुन्हा कामाचा होतो.

घरी आल्यावर मोबाइलच्या सेटिंगमध्ये आवाजाची मर्यादा बांधून द्या. साधारण साठ टक्क्यांच्या वर जाण्याची गरज पडू नये. पडत असेल तर गादी नीट बसली का, ते आधी बघा. अभ्यास नसेल तेव्हा कान मोकळे ठेवा, आणि हेडफोन लावून झोपू नका.

कुठे घालू नये

बंद हेडफोन घालून रस्ता, रेल्वे फाटक ओलांडू नका. सायकल-स्कूटीवर तर मुळीच नको. घरात एकटे असताना गॅसवर काही ठेवले असेल किंवा लहान मूल सांभाळायचे असेल तर एक कान मोकळा ठेवा. हिंगणा, बुटीबोरीच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बांधवांनी लक्षात घ्यावे की गाण्याचा हेडफोन यंत्राच्या आवाजापासून संरक्षण देत नाही. यंत्राच्या आवाजावर गाणे चढवले की भार दुप्पट होतो. त्यासाठी कानावर घालायची संरक्षक साधने वेगळी असतात. ती मालकाकडे मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

हेडफोन काढल्यावर कानात शिट्टीसारखा आवाज येणे, कान दडे बसल्यासारखे वाटणे, टीव्ही पूर्वीपेक्षा मोठा लावावा लागणे, गर्दीत बोलणे न कळणे ही लक्षणे आहेत. मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत कान-नाक-घसा विभाग आहे. तिथे दाखवून श्रवण तपासणी करून घ्या. कान वाहत असेल तर तो बरा होईपर्यंत हेडफोन, इयरबड काहीही नको, आणि कानात तेल घालू नका. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर वाट पाहू नका, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठा. उपचार जितका लवकर, तितकी ऐकू परत येण्याची आशा जास्त.

आज रात्री मूल अभ्यासाला बसले की आई-वडिलांनी एक तपासणी करावी. हातभर अंतरावर उभे राहा. त्याच्या हेडफोनमधले शब्द तुम्हाला ऐकू येत असतील तर एकतर आवाज जास्त आहे किंवा गादीत फट आहे. दोन्हींपैकी जे असेल ते तिथेच दुरुस्त करा.